बिनवासाचा लसूण
आंबिया बहाराची संत्री घरात आली, की बायको एक सोलून साल माझ्या नाकाशी धरते, आणि मला ती सकाळ आठवते. वरूडहून येताना गाडी घसरून माझं डोकं रस्त्यावर आपटलं होतं. अमरावतीच्या डॉक्टरांनी स्कॅन बघून, किरकोळ आहे, आराम करा, म्हणून घरी धाडलं. पण डोकं जड राहायचं, उजेड सोसायचा नाही, आणि जेवणाची चवच गेली होती. वरणात लसूण डोळ्यांना दिसायचा, पण त्याला वास म्हणून नव्हता. डॉक्टरांनी हिला गुपचूप पथ्य सांगितलंय, असं मी धरून चाललो. एकदा तिच्या ताटातलं वरण चाखलं, तर तेही तसंच. मग वाटलं, ही माझ्यासमोर मुद्दाम बेचव खाते. त्या सकाळी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली दिसली, म्हणून मी लायटर उचलला. ती धावत आली, हातावर फटका मारून ओरडली, "काय करून राहिले? घरभर गॅस झाला, वास नाही येऊन राहिला का तुमाले?" मला तेही नाटकच वाटलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण नाकाला पदर लावून ओरडली, "अवो, गॅस बंद करा पयले!" तिला नाटक करायचं काही कारण नव्हतं. तेव्हा कुठे मी हात पुढे करून गॅसचं बटण बंद केलं. आता साल नाकाशी धरून बायको विचारते, "येते का वास?" मी हो म्हणतो. ती माझ्या तोंडाकडे पाहते, आणि उठून गॅसचं बटण तपासून येते.