रविवारचा हज-वर्ग

किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. एका हॉलमध्ये पन्नास म्हाताऱ्या माणसांना गोळा करा. त्यातल्या निम्म्यांनी विमान आतून कधी बघितलेलं नसावं. आता त्यांना सांगा, तुम्हाला फोनवर अ‍ॅप उघडायचंय, दंडावर इंजेक्शन घ्यायचंय आणि बिनशिवलेलं कापड गुंडाळून मैलोन्‌मैल चालायचंय. बस! तुम्ही फक्त कान उघडे ठेवायचे. माझ्याकडं असे इतके साठलेत की ऑफिसात जेवायला बसलो की पोरं म्हणतात, "रियाजभाई, आज हजवाल्यांचं काय नवीन?"

मी रियाज. बंगळुरात राहतो. नोकरी महादेवपुऱ्यात, घर जे. पी. नगरात, मूळचे आम्ही निपाणीचे. घरात दखनी चालते, पण अम्मीची शाळा मराठी, माझीही मराठी, आणि भांडण तर आमच्यात मराठीशिवाय होतच नाही.

यंदा अम्मीचं नाव हजच्या ड्रॉमध्ये आलं. अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळं घरातला पुरुष सोबत न घेता जाणाऱ्या बायकांच्या गटात ती होती. दर रविवारी सकाळी मी तिला तयारीच्या वर्गाला सोडायचो आणि बाहेर गाडीत बसून राहायचो. दोन रविवार सुखात गेले. तिसऱ्या रविवारी युसूफ सर काचेवर टकटक करून म्हणाले, "कॉम्प्युटरवाला ना तू? मग गाडीत काय बसलायस?"

झालं! तेव्हापासून अख्ख्या वर्गाचे ओटीपी माझ्या गळ्यात.

युसूफ सर म्हणजे चिकोडीच्या शाळेतले गणिताचे मास्तर. रिटायर होऊन मुलीकडं बंगळुरात राहतात, स्वतः हज करून आलेत, आणि वर्ग फुकट घेतात. छडी तेवढी हातात नसते. त्या दिवशी ते म्हणाले, "पासपोर्ट, व्हिसा, लस, सगळं हा पोरगा बघेल. एक काम त्याच्या फोनवर होणार नाही. ज्याला ज्याला दुखवलंय त्याच्याकडं जाऊन माफी मागून या. अल्लाहच्या बाबतीत चुकलं असेल तर अल्लाह बघेल. माणसाच्या बाबतीत चुकलं असेल तर ते त्या माणसानंच माफ करायला लागतं."

मागं बसलेल्या अम्मीनं मान खाली घातली. का ते मला माहीत होतं. झुलेखा खाला!

खाला म्हणजे अम्मीची थोरली बहीण, तिची आपा. एचएसआर लेआउटला मुलाकडं राहते. दोघींनी मिळून हजला जायचं हे जुनं ठरलेलं. पण दरवर्षी खालाचा गुडघा आडवा यायचा आणि ती म्हणायची, "पुढच्या वर्षी जाऊ." यंदा अम्मीनं तिला न विचारता फॉर्म भरून टाकला. खालाला कळलं ते नातेवाइकांच्या ग्रुपवर 'मुबारक हो'चे मेसेज यायला लागले तेव्हा. त्या दिवसापासून खालानं बोलणं टाकलं. अम्मीचा फोन गेला की सून उचलायची आणि सांगायची, "अम्मीजान नमाज पढतायत." चोवीस तास नमाज!

वर्गातून घरी येताना अम्मी म्हणाली, "आपानं माफ केल्याशिवाय मी विमानात पाय ठेवणार नाही. लिहून घे."

*

आता दस्तगीर चाचा. हे बेळगावचे टेलर. जन्म गेला शर्ट-प्यांटी शिवण्यात. बायको हमीदाभाभींबरोबर हजला निघालेले.

पुरुषांना तिथं एहराम बांधायचा असतो. दोन पांढरी कापडं, एक कमरेला, एक खांद्यावर. बिनशिवलेली. युसूफ सर म्हणाले, पुढच्या रविवारी सगळ्यांनी नेसून बघायचं. चाचा पुढं आले, "सर, कापडं माझ्याकडं द्या. धुऊन, इस्त्री करून आणतो. तेवढीच सेवा."

रविवारी चाचांनी गठ्ठा उघडला. काय इस्त्री होती राव! सरांनी वरचं कापड उचललं, उलटं केलं, सुलटं केलं आणि चष्मा काढून पुसला. प्रत्येक खालच्या कापडाला चाचांनी नेफा शिवला होता. वर नाडीसुद्धा ओवून दिलेली!

"चाचा, हे काय?"

"गर्दीत सुटलं म्हणजे? लाखो माणसं असतात म्हणता. बरं दिसतं का ते?"

"अहो, बिनशिवलेलं पाहिजे म्हणून मी घसा फोडून सांगितलं ना!"

"कापड बिनशिवलेलंच आहे. शिवलाय तो नेफा!"

सरांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "चाचा, राजा असो नाहीतर हमाल, तिथं सगळे एकाच कापडात. तिथं टेलरचं कामच ठेवलेलं नाही."

चाचांचा चेहरा पडला. खाली बसून एकेक नेफा उसवताना ते माझ्या कानात म्हणाले, "टेलरचं कामच नव्हतं, तर मग माझं नाव ड्रॉमध्ये कशाला काढलं?"

*

काब्याला सात फेऱ्या मारायच्या असतात, डाव्या हाताला काबा ठेवून. त्याची प्रॅक्टिस हॉलच्या गच्चीवर, पाण्याच्या काळ्या टाकीभोवती. उन्हाच्या आत उरकायचं म्हणून सगळे सकाळीच वर.

शेजारच्या बिल्डिंगची गच्ची आमच्या गच्चीला लागूनच आहे. तिथल्या कन्नड आजी रोज कपडे वाळत घालायला येतात. दोन रविवार त्यांनी नुसतं बघितलं. तिसऱ्या रविवारी छोटी भिंत ओलांडून आल्याच! मला म्हणाल्या, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, एकटीला कंटाळा येतो, मी पण येऊ का? सर म्हणाले, "बन्नी अक्का, बन्नी! या की!"

आजी पदर खोचून निघाल्या. पण त्यांच्या पायांना आयुष्यभराची देवळातल्या प्रदक्षिणेची सवय. त्या निघाल्या उलट्या दिशेनं! समोरून आमची पन्नास जणांची फौज. टाकीच्या कोपऱ्यावर असा काही ट्रॅफिक जाम झाला की सिग्नलवरचा पोलीससुद्धा पळून गेला असता. अम्मी आणि आजी समोरासमोर. ही डावीकडं सरली की ती पण त्याच बाजूला सरते.

शेवटी आजीच म्हणाल्या, "सरी, सरी, तुमचा देव इकडून, माझा तिकडून. स्वल्प जागा द्या, दोघी जाऊ."

पुढच्या रविवारी सरांनी गच्चीवर खडूनं मधोमध पट्टा आखला. आजींची लेन वेगळी.

*

मेंदूज्वराची लस, फ्लूची लस, इथवर सगळ्यांना पटलं. मग नर्स म्हणाली, पोलिओ. साठी उलटलेल्यांना पोलिओचे थेंब! वर्गात खसखस पिकली. पण नियम म्हणजे नियम. रांगेत एकेक म्हातारा वर तोंड करून उभा आणि नर्स सवयीनं म्हणतेय, "आ माडी, आ माडी!"

सवयीनं तिनं चाचांच्या करंगळीला शाईसुद्धा लावली, लहान पोरांना लावतात तशी. चाचा करंगळी बघत म्हणाले, "आता मत कुणाला द्यायचं तेवढं सांगा."

अम्मीनं थेंब घेतले, तोंड मिटलं आणि माझ्यापुढं तळहात पसरला.

"काय?"

"तुला थेंब पाजले तेव्हा दरवेळी मी खाऊ दिला होता. माझा कुठाय?"

कोपऱ्यावरच्या बेकरीतून खोबऱ्याचं गोड दिलपसंद आणून दिलं तेव्हा कुठं गाडीत बसली. खाता खाता एकदम थांबली आणि म्हणाली, "आपाला दिलपसंद फार आवडतं." घास तिच्या हातातच राहिला.

*

मग आलं सामानाचं प्रकरण. काय न्यायचं, काय नाही, यावर एक अख्खा रविवार. तूप नको, लोणचं नको, सगळं सांगून झाल्यावर सर म्हणाले, "आणि एक ध्यानात ठेवा. खसखस! तिकडं खसखस म्हणजे अफूच्या जातीतली वस्तू. एक दाणा सापडला तरी थेट तुरुंग!"

सर पुढच्या मुद्द्यावर गेले. पण बायकांच्या बाजूला एकदम चुळबुळ. मला वाटलं, कुणाला चक्कर आली की काय. बघतो तर सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघतायत. मग हमीदाभाभींनी हळूच विचारलं, "सर, मसाल्यात असली तर?"

तुम्हाला सांगतो, निपाणी, चिकोडी, बेळगावकडची एकही बाई अशी नव्हती जिनं कांदा-लसूण मसाल्याचा डबा बॅगेत सगळ्यात आधी ठेवलेला नव्हता! परक्या देशात चाळीस दिवस मसाल्याशिवाय कसं निघायचं? आणि खसखशीशिवाय मसाला होतो कुठं? दोघी तर तिथल्या तिथं उठून घराकडं पळाल्या.

हमीदाभाभी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "या अल्लाह! म्हणजे आम्ही जन्मभर नशेत जेवलो?"

चाचा म्हणाले, "तरीच मला दुपारची झोप आवरत नाही!"

अम्मीनं आपल्या बॅगेतला डबा काढला, काठोकाठ भरलेला, आणि मला एचएसआरला पिटाळलं. "आपाला दे. काही बोलू नकोस, नुसता दे." मी दिला. खालानं दाराआडून घेतला.

तिसऱ्या दिवशी खालाच्या मुलानं डबा परत आणून दिला. स्वच्छ घासलेला आणि रिकामा. आमच्याकडं डबा रिकामा परत पाठवत नाहीत हो. चिमूटभर साखर तरी घालतात. अम्मीनं झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा लावलं आणि डबा फडताळात सगळ्यात वर ठेवून दिला. त्या रात्री ती जेवली नाही.

*

जायची तारीख जवळ आली तशी अम्मी माफी मागत सुटली. सिक्युरिटीवाला, फुलवाली, खालच्या मजल्यावरच्या पुण्याच्या जोशीबाई. त्यांना तर कळेचना. म्हणाल्या, "अहो काकू, आपलं तर कधी भांडणच झालं नाही!"

"मनात झालंय. तुम्ही पहाटे मिक्सर लावता ना, तेव्हा."

जोशीबाईंनी माफ केलं आणि मिक्सरची वेळही बदलली.

भाजीवाल्या अण्णाची तिनं हात जोडून माफी मागितली, एवढी वर्षं घासाघीस केली म्हणून. तो बिचारा गहिवरला. "परवागिल्ला अम्मा," असू दे, म्हणाला आणि कोथिंबिरीची जुडी तशीच पिशवीत टाकली. अम्मीनं जुडी बाहेर काढून बघितली. "अण्णा, ही पिवळी पडलीय. दुसरी दे!"

घरी माझी बायको नसरीन. अम्मी तिच्यापुढं जाऊन म्हणाली, "बेटा, माझं काही चुकलं असेल तर माफ कर."

नसरीन वकील आहे. सवयीनं विचारून बसली, "नेमकं कशाबद्दल, अम्मी?"

अम्मी भडकली. "मोघम कर ना! आता काय इथं केस चालवायचीय?"

आणि प्रत्येकाला निघताना सांगायची, "दुआ करा. तिथंच मौत आली, तिथली माती मिळाली, तर माझ्यासारखी नशीबवान कुणी नाही." ऐकणारे डोळे पुसायचे. मला मात्र ते वाक्य अजिबात आवडायचं नाही, आणि मी तिला तसं तोंडावर सांगितलंही. ती म्हणायची, "तुला नाही कळायचं."

*

सगळे झाले. एकच राहिली. निघायच्या दोन दिवस आधी अम्मी म्हणाली, "चल एचएसआरला. दार उघडलं तर ठीक. नाही उघडलं तर विमान तुझं तू बघ."

दार खालानंच उघडलं. 'ये' म्हणाली नाही. दार उघडं टाकून आत गेली आणि परातीत तांदूळ घेऊन निवडत बसली. अम्मी तिच्यासमोर जमिनीवर बसली. मी उभाच.

"आपा, परवा निघायचंय. माझं काही चुकलं असेल..."

"असेल?"

"चुकलं. तुला न विचारता फॉर्म भरला. मला भीती वाटली, पुढच्या वर्षी म्हणता म्हणता दोघींचंही राहून जाईल. पण तुला सांगायला पाहिजे होतं. माफ कर मला."

खाला तांदूळ निवडत राहिली. मग वर न बघताच म्हणाली, "बाकी सगळ्यांनी केलं माफ?"

"सगळ्यांनी."

"भाजीवाल्यानंसुद्धा?"

"त्यानंसुद्धा."

"आणि सगळ्यांना सांगत सुटलीयस म्हणे, तिथंच मौत आली तर नशीब."

अम्मी म्हणाली, "सगळेच म्हणतात तसं, आपा. तिथली माती मिळायला..."

खालानं परात बाजूला सरकवली. "मग मी नाही करणार माफ."

मला राहवलं नाही. म्हटलं, "खाला, असं काय करता? ती एवढी..."

"तू गप रे!" मग खालानं अम्मीचा हात धरला, घट्ट, तांदळाच्या पिठानं पांढऱ्या झालेल्या बोटांनी. "नूरी, नीट ऐक. सगळ्यांनी तुला मोकळं केलं. मी पण केलं की तू सुटलीस. मग तिथंच राहशील तू, तुझा काय भरवसा! मी नाही सोडणार. मी नाराज आहे हे ध्यानात ठेवून जा. हज कर, माझ्या नावानं दुआ माग, परत ये आणि या दारात उभी राहा. तेव्हा करते माफ. त्याच्या आधी नाही."

अम्मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. खाला तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तोंडानं बडबडत होती, "नाही म्हणजे नाही. नाहीच करणार." मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

खाली आल्यावर अम्मी गाडीत बसली, पदरानं तोंड पुसलं आणि पट्टा लावता लावता म्हणाली, "रियाज, परतीचं विमान कधीचं आहे रे? नीट बघून सांग."