अठरा इंची मडके

पेव म्हणजे काय, हे आधी सांगतो. साताऱ्याकडच्या माझ्या स्नेह्यांना पेव 'फुटते' एवढेच ठाऊक असते. ते आधी भरावे लागते, याचा पत्ता नसतो. सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात हळद साठवायला जमीन खोल खोदून जे पोकळ पोट तयार करतात, ते पेव. वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, खाली रांजणासारखा फुगवटा. भरून तोंड लिंपले की हळद वर्षानुवर्षे जशीच्या तशी! याला तळघर म्हणू नका, कोठार तर मुळीच म्हणू नका. शब्द आहे, तो वापरावा.

आणि आता त्या पेवात माझी विद्वत्ता कशी गडप झाली, ते ऐका. पण चहाचा घोट आधी गिळून घ्या. मागे एकाला इथेच ठसका लागला होता.

लढाईचे दिवस होते. गोणपाट दुर्मीळ झालेले. आमचे शेजारी मल्लाप्पाशेठ हळदीचे मोठे व्यापारी. त्यांनी नवे पेव खोदून घेतले होते. त्यांच्यापाशी हळद तीनशे पोती. प्रश्न एवढाच, की ती सगळी या एका पेवात मावेल, की दुसरे पेव भाड्याने घ्यावे?

शेठचा हमालांचा मुकादम दौलू. वीस वर्षे पेवे भरणारा. तो पेवाच्या तोंडाशी पालथा पडला, आत डोके घातले आणि ओरडला, "ओ!" कान देऊन ऐकले. उठून धूळ झटकली.

"तीनशे बसत्यात. दोनचार हिकडंतिकडं."

मी तिथेच उभा होतो. माध्यमिक शाळेत गणित आणि शास्त्र शिकवणारा मनुष्य. हे मी कसे सहन करावे?

"मुकादम," मी म्हणालो, "आरोळी हे प्रमाण नव्हे."

"मग काय हाय गुरुजी?"

"मोजमाप!"

शेठ भारावले. "मास्तर, तुमीच करा की मोजमाप!"

केले! आणि कसे केले म्हणता? आज त्या कामाची आठवण झाली तरी माझा ऊर भरून येतो. आधी पेवात कंदील सोडला. तो विझला नाही, म्हणजे हवा चांगली. मग शिडीने स्वतः उतरलो. खोली अठरा फूट. दर फुटावर रुंदी मोजली. असा फुगीर आकार कोणत्या सूत्रात बसवणार? म्हणून ठरवले, याची हुबेहूब लहान प्रतिकृती करावी. एका फुटाला एक इंच. अठरा इंचांचे मडके! ते पाण्याने भरायचे, पाणी मोजायचे, आणि बारा गुणिले बारा गुणिले बारा पट करायचे. एका पोत्यातली हळद किती जागा व्यापते, हे खोके करून आधीच मोजले होते. सांगा, यात कुठे फट आहे?

तातोबा कुंभाराला मी पत्र्याचा आकार कापून दिला. त्याने चाकावर मडके घडवले. ओल्या मडक्यावर मी तीन वेळा पट्टी लावली. तीनदा अठरा! पाणी भरायचे, म्हणजे मडके भाजलेले हवे. तातोबाने भाजून दिले. मी पाणी मोजले, गुणाकार केला, पुन्हा केला. उत्तर आले दोनशे एकोणीस.

शेठने दुसरे पेव ठरवले. एक्क्याऐंशी पोती त्यासाठी बाजूला काढली. दौलू नुसता त्या पोत्यांकडे बघून हसला. ते हसू मी मनात टिपून ठेवले.

भरणीच्या दिवशी दोनशे एकोणीस पोती पेवात रिती झाली. आम्ही वाकून पाहिले.

वर पुरुषभर उंचीची जागा मोकळी!

"मास्तर," शेठ घाबरले, "हे काय हो?"

अहो, माझे गणित चुकणे शक्यच नव्हते! मग चुकले कोण? मी रिकामी पोती मोजली. दोनशे एकोणीस, बरोबर. म्हणजे पोती सगळी आली, पण भरलेली आली नाहीत! पेव पाव भाग रिकामे. अर्थात दर पोत्यामागे पाव पोते हळद वाटेत काढली गेली. हे सगळे मी मोठ्याने, फळ्यासमोर उभे राहून सांगावे तसे सांगितले. विधान बिनतोड होते. त्याचा अर्थ काय होतो, हे मात्र शेठच्या तोंडून ऐकल्यावरच मला कळले.

"दौल्या! उद्यापासनं दुसरी टोळी बगतो मी!"

दौलूने पटका काढून पेवाच्या काठावर ठेवला. आवाज चढवला नाही.

"गुरुजी, परत्येक पोतं ह्या पाठीवनं आलंय. पाऊण पोतं कंचं आन् भरलं कंचं, माज्या पाठीला कळत न्हाई व्हय? चोर म्हना एकदा तोंडानं. मंग ह्यो पटका पुन्यांदा डोईला लावत न्हाई."

त्याचे सगळे हमाल माझ्याकडे बघत होते. मी 'चोर' हा शब्द उच्चारला नव्हता. पण शब्दांच्या बाबतीत मी काटेकोर आहे. मी म्हटले होते ते तेच होते. तरी माघार घेईन तर मी कसला मास्तर?

"साक्षीदार बोलवा," मी म्हणालो. "तातोबाला आणा, आणि मडकेही आणा!"

होय, मीच बोलावले. कुणी सुचवले नव्हते.

तातोबा मडके काखेत घेऊन आला.

"तातोबा, हे मडके मी सांगितले त्या मापाचे आहे, की नाही?"

"व्हय की. अठरा इंच. तुमीच पट्टी लावली, तीन डाव."

"पाहिलेत?" मी शेठकडे वळलो आणि ऐटीत मडक्याला पट्टी लावली.

सव्वासोळा.

पुन्हा लावली. सव्वासोळाच!

"तातोबा, हे काय?"

"काय म्हंजी? तवा कच्चं व्हतं. वाळल्याव, भाजल्याव माती आवळती की वो."

"मग मला सांगितले का नाहीस?"

"आवं, पोरास्नी शास्तर शिकवता न्हवं? मला काय ठावं, तुमाला ठावं न्हाई त्ये?"

हमालांमध्ये पहिला हसला तो दौलूच. मी मात्र खाली बसलो आणि धुळीत बोटाने आकडे मांडले. मडके तिन्ही बाजूंनी आवळलेले, म्हणजे गुणोत्तराचा घन घ्यायला हवा. उरलेल्या पोत्यांतले एकही हळकुंड आत पडण्याआधी उत्तर उच्चारले, "दोनशे अठ्ठ्याण्णव!" त्या क्षणाचा मला आजही अभिमान आहे. मग उठलो, पेवाच्या काठावरचा पटका दोन्ही हातांनी उचलून दौलूपुढे धरला आणि म्हणालो, "मुकादम, अपराध माझा."

त्याने पटका बांधला. "वता रं उरल्याली समदी!"

एक्क्याऐंशी पोती ओतली. तीनशेच्या तीनशे मावली. त्यातली दोन माझ्या नाकावर टिच्चून.

हा किस्सा हरिपुरात अजून सांगतात, पण चुकीचा सांगतात. मास्तरांचा गुणाकार चुकला, असे म्हणतात. साफ असत्य! गुणाकार निर्दोष होता, वही दाखवतो. दुसरे, दौलूने मला शिक्षा म्हणून कोटासकट पेवाच्या तोंडाशी पालथे पाडले आणि 'ओ' ओरडायला लावले, असेही सांगतात. तेही खोटे. शिक्षा नव्हे, ते शिक्षण आहे. मी आपण होऊन त्याच्याकडे नाव घातले. दर हंगामात पालथा पडतो, ओरडतो, ऐकतो, आकडा सांगतो. यंदा तर अवघ्या चाळीस पोत्यांनी हुकलो.

शेठने परवा विचारले, "काय मुकादम, मास्तर झालं का तयार?"

दौलूने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"लय कच्चं हायती अजून. भाजल्याव बगू, किती उरत्यात त्ये."