मागच्या सीटवरची नर्स

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, भाड्याची गाडी चालवतात. एकाच दिशेला जाणारी दोन-तीन अनोळखी माणसं फोनवरचं ॲप क्षणात जुळवतं आणि त्यांच्या गाडीत आणून बसवतं. एवढ्या मोठ्या शहरात हे जमणार का, यावर कंपनीतली शहाणी माणसं वर्षभर डोकं खाजवत होती. भाऊजींना विचारलं असतं तर त्यांनी चहा संपायच्या आत सांगितलं असतं, "गाड्या जुळतात हो, माणसांचं आवरत नाही."

नियम असा की थांब्यावर दोन मिनिटं थांबायचं आणि निघायचं. जास्त थांबलं की ठपका, आणि तीन ठपके झाले की खातं बंद. भाऊजींच्या नावावर दोन होते, आणि ताईचं घर त्या एका खात्यावर चालत होतं.

दुपारी हॉस्पिटलच्या गेटावर एक नर्स गाडीत बसायची. पुढच्या पाळीच्या नर्सला पेशंट समजावून दिल्याशिवाय तिला निघता येत नसे, त्यामुळे पाच-सहा मिनिटांचा उशीर ठरलेला. त्यावर ड्रायव्हर लोकांची एक युक्ती होती. ती यायच्या आधीच 'प्रवासी बसला' हे बटन दाबायचं, की घड्याळ गप्प. मलाही ते डोकेबाज वाटलं होतं, कबूल करतो.

एके दिवशी ती आलीच नाही. मागे बसलेल्या, रोजच्याच एका शाळेतल्या बाई कुरकुरायला लागल्या, तसे भाऊजी निघाले. दाबलेलं बटन त्यांच्या डोक्यातून साफ गेलं.

नर्सच्या वडिलांना अंधुक दिसतं. मुलगी गाडीत बसली, गाडी कोपऱ्यावर आली, हे फोन त्यांना बोलून सांगतो. ते घराच्या फाटकाशी उभे होते. त्यांनी हात केला म्हणून भाऊजी थांबले. काकांनी मागचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटवर हात फिरवला.

"कुठंय ती?"

"काका, ती बसलीच नव्हती. मी खोटंच बटन दाबलं."

तिचा फोन लागेना. बाईंना सोडून भाऊजी परत आले आणि तासभर काकांच्या शेजारी पायरीवर बसून राहिले. शेवटी तिचाच फोन आला. अपघाताचे पेशंट आले होते, फोन कपाटात राहिला होता. काकांनी तक्रार केली नाही, फक्त भाऊजींचा नंबर मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी गेटावर त्यांनी बटन दाबलं नाही. दोन मिनिटं झाली आणि फोन ओरडायला लागला.

"निघा की," बाई म्हणाल्या.

"नाही बाई. ती बसल्याशिवाय बसली म्हणणार नाही."

तिसऱ्या मिनिटाला ठपका पडला. चौथ्याला खातं बंद झाल्याची ओळ आली.

तेवढ्यात काकांचा फोन आला. "आज फोन काहीच सांगत नाही हो. बसली का?"

"अजून नाही, काका," भाऊजी म्हणाले. "पण गेटातून येतेय. मला दिसतेय."