पापा बोनिफासची दुसरी बैठक

पापा बोनिफास कालेंगा ब्रसेल्सला शिकायला आले आणि भांडायला राहिले, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे. आमच्या देशाच्या राजधानीत, किन्शासात, त्यांनी सरकारविरुद्ध भाषण ठोकलं होतं, त्यामुळे परतीची वाट बंद झाली. इथं ज्या रस्त्यावर राहायचे त्याला वसाहतीच्या काळातल्या कुठल्याशा सेनापतीचं नाव होतं. ते नाव पापा उच्चारत नसत आणि लिहीत तर मुळीच नसत. पत्ता विचारला की "मासळीवाल्यामागची गल्ली" सांगायचे. त्यामुळे त्यांचं टपाल माझ्या दुकानात यायचं आणि ते न्यायला आले की वेण्या घालून घेणाऱ्या बायकांना व्याख्यान फुकट.

पोलिसांनी कुणाच्या पोराला नुसत्या रंगावरून उचललं की आमच्या लोकांचा पहिला फोन पापांना. पोरगं बाहेर येईपर्यंत ते चौकीच्या पायरीवर बसून राहायचे. पण त्यांनी मोर्चाला बोलावलं की सगळ्यांना नेमकी त्याच दिवशी ड्यूटी. लोकांच्या डोक्यावर कागदपत्रांची टांगती तलवार होती, हे मलाही कळत होतं. तरी त्या सेनापतीच्या पुतळ्यासमोर फलक धरून उभे असलेले एकटे पापा दिसले की मला आमच्या माणसांचा राग यायचा.

एक गोष्ट त्यांना फार लागून राहिली होती. खूप पूर्वी इथल्या प्रदर्शनात लोकांना दाखवायला म्हणून आमच्याकडची माणसं बोटीनं आणली होती. त्यातली काही थंडीनं गेली आणि गावाबाहेरच्या चर्चच्या अंगणात पुरली गेली.

"त्यांच्यावर आपलं कोणी रडलं नाही, तांतीन," ते म्हणायचे. तांतीन म्हणजे मावशी; या वस्तीत वडीलधारा पुरुष तो पापा, आणि मी सगळ्यांचीच मावशी. पापांना बायको सोडून गेलेली, मूलबाळ नाही. ही भीती त्यांना स्वतःबद्दलही होती.

आमची माणसं मोर्चा चुकवतात, मयताची बैठक चुकवत नाहीत. निरोप आला की निघायचं, दारातच रडायला सुरुवात करायची, कोण गेलं ते मागाहून विचारायचं. पापांनी याचाच फायदा घेतला आणि एका शनिवारी बैठकीचा निरोप फिरवला. वस्तीचा हॉल भरला. बायकांनी कसाव्याच्या पाल्याची पातेली आणली, कमरेला फडकी बांधली आणि मोठ्यानं गळे काढले. मग म्हाताऱ्या पापा अंब्रोझनी विचारलं, कोण गेलं?

"ते चर्चच्या अंगणातले," पापा म्हणाले. "जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली."

अंब्रोझ उठले. "जित्या माणसांत खोटं मरण बोलावलंस, बोनिफास. ते आता तुझंच दार शोधत येईल." बायकांनी पातेली उचलली आणि सगळे निघून गेले. मी खुर्च्या आवरत होते. पापा मात्र खुशीत होते.

"पण रडल्या ना त्या? पोटातून रडल्या. अंगणातल्यांना तेवढं पोचलं असेल."

त्यानंतर लोक त्यांच्या सावलीलाही उभे राहिनात. पोरं पकडली गेली की फोन मात्र यायचे आणि पापा जायचे. दोन हिवाळे गेले. एके दिवशी ते टपाल न्यायला आले नाहीत म्हणून मी गल्लीत गेले, तर खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते. पायात बूट होते. कुठं निघाले होते, देव जाणे.

निरोप मीच फिरवला. संध्याकाळी हॉल उघडला, पातेलं ठेवलं आणि वाट बघत बसले. कोणी येईना. म्हणून अंब्रोझना फोन लावला.

"आता कोणाचा आजा, तांतीन?" ते हसले. "त्या बोनिफासला सांग, एकदा फसलो तेवढं पुरे."

"बोनिफासच गेले," मी म्हटलं.

"हो का? मग त्यालाच फोन दे."

फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी दफनाला हीच माणसं येणार, शरमेनं छाती पिटणार, हे मला ठाऊक होतं, आणि झालंही तसंच. पण बैठक त्या संध्याकाळची होती. आमच्यात एका बाईनं मेलेल्याचं नाव घेऊन हाक मारायची आणि बाकीच्यांनी त्याच्या वतीनं ओ द्यायची. मी कमरेला फडकं बांधलं आणि उभी राहिले.

"बोनिफास," मी हाक मारली. रिकाम्या खुर्च्यांकडे थोडा वेळ बघितलं, आणि मग ओ मीच दिली.