गाठीतलं औषध

पनवेलहून कॅन्सर हॉस्पिटलला जाणाऱ्या बसमध्ये ती मला दोनदाच भेटली. मी माझ्या तपासणीला जायचो. ती उरणची कोळीण, मांडीवर झोपलेली सहा वर्षांची मुलगी. खड्डा आला की ती पोरीचं डोकं तळहातानं सावरी.

"हिच्या डोक्यात पान्यानं भरलेली गाठ हाय," ती म्हणाली. "नजरेवर दाबते. उद्या डॉक्टर त्या गाठीतच रेडिएशनचं औषध सोडनार."

"भीती वाटते?" मी विचारलं.

"वाटते ना. पन पोरीसमोर नाय घाबरत. तिला माजा चेरा नीट दिसत नाय, पन आवाज कापला तर लगेच कलतं."

चार-पाच महिन्यांनी दोघी पुन्हा समोर येऊन बसल्या. गाठ आकसली होती, एवढंच आईनं सांगितलं. मुलगी मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. मग ती आईच्या कानाशी लागली, पण मला ऐकू आलंच, "आये, काकांचं बटन तुटलंय."

चारचौघांत असं बोलू नये म्हणून आई तिला दटावायला वळली, पण तिला हसू आवरेना. हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला. मी शर्टाकडे पाहिलं. खरंच, वरून तिसरं बटण नव्हतं.