काकूंचे मोदक आणि नेब्रास्काचा नियम

ईडन प्रेरीतले आमचे एक काका तत्त्वाचे पक्के आहेत, आणि त्यांचं तत्त्व म्हणजे त्यांचा पक्ष. मिनेसोटात तो हरतो, म्हणून राज्याच्या वाट्याची अध्यक्षपदाची मतं इथं मतदारसंघांनुसार वाटावीत. तिकडे नेब्रास्कात तो जिंकतो, म्हणून तिथं जिंकणाऱ्याला सगळी द्यावीत! हे पटवताना ते चष्मा कपाळावर चढवतात आणि बोलता बोलता माझ्या ताटातली चकली उचलतात. मला हा माणूस भयंकर आवडतो.

यंदा गणपतीतल्या मोदक स्पर्धेची मतमोजणी त्यांच्याकडे होती. दरवर्षी दुसऱ्या येणाऱ्या काकूंना या वेळी पहिला नंबर हवाच होता. अर्ध्या मोजणीत काकू मागे दिसताच काका गरजले, "यार, डोकी मोजणं अनफेअर आहे! प्रत्येक टेबलाला एक मत!"

नियम बदलला आणि काकू हरल्या. त्यांची सगळी माणसं एकाच टेबलाभोवती दाटीवाटीनं बसली होती. डोकी मोजली असती, तर त्याच जिंकल्या असत्या.

"रूल परत चेंज करू या?" काकांनी हळूच विचारलं.

काकूंनी उरलेल्या मोदकांचा डबा घट्ट बंद केला.

"घरी मीच जिंकते, म्हणून तिथं तुमचा नेब्रास्काचा नियम. सगळे मोदक माझे."