तोंड एकीकडे, डोळे दुसरीकडे

चष्मेवाल्याची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाच्या हातात वाचनाचं कार्ड द्यायचं आणि कान बंद ठेवून फक्त डोळे बघायचे. वाचणाऱ्याचे डोळे दाणे टिपणाऱ्या चिमणीसारखे उड्या मारत जातात. ओळखीच्या शब्दावरून झटकन पुढे, अनोळखी शब्दापाशी थबकतात, कधी मागे फिरतात. "तोंड थापा मारेल, डोळे नाही मारणार," असं तो ऐटीत सांगायचा.

एके दिवशी त्याची थोरली बहीण आली. काहीही वाचायला दिलं की ताई सुनेला म्हणे, "मला मेलीला दिसत नाही गं, तूच वाच." शेवटी सुनेनेच तिला हाताला धरून दुकानात आणलं. बाकावर दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती.

ताईने कार्ड धरलं आणि घडाघडा म्हणून दाखवलं. वर्षानुवर्षं कार्ड तेच; येता-जाता तिच्या कानांवर पडलेलं. डोळे मात्र पहिल्या ओळीच्या तोंडाशीच बसून होते.

चष्मेवाल्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. "ताई, तोंड पोचलं मुक्कामाला, डोळे अजून घरीच! पाठ करून आलीस की काय?"

बाकावर खसखस पिकली. सूनही हसली. ताईची मान खाली गेली, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. लहानपणी हीच त्याचा अभ्यास घ्यायची. पुस्तक समोर धरून बसायची, तो अडखळला की दरडावायची, "पुन्हा वाच!" अडखळलेलं तिला ऐकू येत होतं, एवढंच. गावभरच्या डोळ्यांची पारख करणाऱ्याने घरचे डोळे कधी बघितलेच नव्हते.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नंबर वाढलाय," तो घाईघाईने सुनेला म्हणाला. "म्हणून डोळे असे अडतात."

"हो का मामा?"

"पुरे झाली सारवासारव," ताई म्हणाली. "मला वाचता येत नाही गं. घरातून एकालाच शाळेत धाडणार होते. तो हा."

बाकावर कुणी हसेना. सुनेने सासूच्या खांद्यावर हात ठेवला. ताईने तो झटकला नाही, धरलाही नाही.

"सुईत दोरा ओवण्यापुरता चष्मा कर," ती भावाला म्हणाली.

त्याने मोजपट्टी उचलली. दोन बुबुळांमधलं अंतर घ्यायचं म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत सरळ बघावं लागतं. पट्टी तिच्या नाकावर टेकवली, पण त्याची नजर पट्टीच्या खालीच राहिली.

"अरे, वर बघ की," ताई हळूच म्हणाली. "माप चुकेल अशाने."

त्याला वर बघवेना.